मातेच्या पायाशी ठेवलेला अर्ज

शनिवार, ८ नोव्हेंबर

पाद्री म्हणाले, "दोन्या बेनिता, कबुलीजबाबाला येताना फक्त पापं घेऊन येत जा. बाकीचं घरी वहीत लिहा." मागे रांगेत सात बाया उभ्या होत्या, त्यातली एक हसली. म्हणून आजपासून हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. पुढून बटाटे नि गॅस, मागून मी. नवी वही आणायची गरज नाही.

पाप म्हणावं असं काही नाही, काळजी आहे. माझा एल्मेर डिसेंबरात शाळा संपवेल, मार्चमध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. तो डॉक्टर होणार हे मी चापीच्या डोंगरावरच्या मातेला चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, तेव्हा तो प्रश्न मिटलेला आहे. काळजी अभ्यासाची. पोरगा पुस्तक घेऊन बसतो ते सासूबाईंच्या खाटेशी, आणि मध्येच उठून त्यांना कुशीवर वळवतो. सासूबाई दोमिंगा पडून आहेत त्याला दोन वर्षं होतील. भिंतीवर त्याने कागद लावलाय, त्यावर तासातासाच्या खुणा : डावी कूस, पाठ, उजवी कूस. मी म्हटलं, "अरे, मी आहे ना घरात." तर म्हणतो, "तू ओढतेस, आई. ओढलं की कातडी सोलते. उचलायचं असतं."

मला शिकवतो. सतरा वर्षांचा.

रविवार, १६ नोव्हेंबर

मिस्सा झाल्यावर चर्चच्या सभागृहात शाळेने मुलांसाठी मार्गदर्शन ठेवलं होतं. ज्यांना दवाखान्याच्या लाइनीत जायचंय त्यांच्यासाठी. डॉक्टरांचं टेबल, दातवाल्यांचं, रक्त तपासणाऱ्यांचं, बाळंतपणवाल्यांचं, आहार सांगणाऱ्यांचं, आणि अगदी कोपऱ्यात नर्सिंगचं. डॉक्टरांच्या टेबलाशी हाडांचा सापळा टांगलेला, तिथली रांग दारापर्यंत. मी एल्मेरला रांगेत उभं केलं आणि पाणी आणायला गेले. परत येते तर हा कोपऱ्यात.

तिथे एक खाट होती आणि खाटेवर वाळू भरलेला बाहुला, माणसाएवढा जड. चादर न ओढता त्याला कुशीवर करून दाखवायचं. मुलं खिदळत होती, एकाने तर त्याला खाली पाडलं. एल्मेरने बाहुल्याचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यावर ठेवला, एक कमरेवर, आणि बाहुला वळला. आवाजसुद्धा झाला नाही. वर पाठीला उशी लावली. वाळूच्या बाहुल्याला उशी. तोवर इकडे रांगेतला नंबर गेला.

मार्गदर्शन करणाऱ्या बाई रोसाल्बिना यांनी मला बाजूला घेतलं. शांत बाई आहेत, बुटांना चिखल असतो, मला आवडतात. म्हणाल्या, "मी मुलांना धंद्याचं नाव विचारत नाही, दोन्या. नाव आईबाप सांगतात आणि मुलं लिहितात. मी विचारते, कामाच्या दिवसातला कुठला तास तुला हवासा वाटतो?" एल्मेरने लिहिलं होतं : माणूस शुद्धीवर येतो तेव्हा तिथे असण्याचा.

"डॉक्टरच तो," मी म्हटलं.

"तुम्ही कधी दवाखान्यात राहिलात? कोण आठवतं तुम्हाला?"

ही गोष्ट मला कुणी विचारली की मी थांबत नाही. चार वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्स पोटातच फुटलं. एकोणीस दिवस मोठ्या दवाखान्यात, चौदा नंबरच्या खाटेवर. डॉक्टर आपासा. तसा डॉक्टर मी पुन्हा पाहिला नाही. पाणी बंद होतं तेव्हा कापूस भिजवून ओठांवरून फिरवायचे. पाठ पुसायचे. अकराव्या दिवशी त्यांनी माझे केस धुतले, खाटेवरच, मानेखाली प्लास्टिक दुमडून, आणि वेणी घातली. वाकडी झाली, पण घातली. एवढा मोठा डॉक्टर. नाहीतर तो चष्मेवाला. रोज सकाळी सातला यायचा, मागे पाच-सहा तरुण पोरं, पायाशी उभा राहून कागदावरचे आकडे बोलायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचा. ऑफिसातला असावा, खाटा मोजणारा. माझ्या तोंडाकडे त्याने कधी बघितलं नाही. त्याच खाटेवर मी मातेला नवस बोलले : माझं पोर या आपासांसारखं होऊ दे, मी दर साली तुझ्या डोंगरावर पायी येईन.

बाई रोसाल्बिना मध्येच काही बोलणार होत्या, पण थांबल्या. म्हणाल्या, "एल्मेरला हे ठाऊक आहे?"

"पाठ आहे त्याला. तेरा वर्षांचा होता, रोज भेटीच्या वेळेत यायचा. स्टुलावर बसून सलाईनचे थेंब मोजायचा."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मग मला फारसं सांगायचं उरलं नाही. तुम्ही दोघं एकदा निवांत बोला."

कशावर बोलायचं ते सांगितलं नाही. शिकलेली माणसं अर्धवट बोलतात.

सोमवार, १२ जानेवारी

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण सासूबाईंना बघायला घरी आली. पाठ तपासली, टाचा तपासल्या, पुन्हा पाठ तपासली. "दोन वर्षं पडून, आणि एक जखम नाही? कोण करतं यांचं?"

मी म्हटलं, "मातेची कृपा."

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मातेचे हात गरम असतात बरं का, आणि नखं कापलेली." मी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. म्हातारीची जीभ तेवढी अजून चालती-फिरती आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. एल्मेर सज्ञान नाही म्हणून माझी सही लागत होती. हा कागद घेऊन माझ्यामागे स्वयंपाकघरात. "आई, आधी वाच." मी रोकोतो मिरचीतल्या बिया काढत होते, हात झोंबत होते. म्हटलं, "मातेपुढे ठेवायची गोष्ट वाचत बसले तर विश्वास कसला?" हात धुतले, डोळे मिटले, त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. मग अर्जाची घडी करून मातेच्या मूर्तीच्या पायाशी ठेवला, रात्रभर राहू दे म्हटलं.

एल्मेर दारात उभाच. "आई, एकदा बघ तरी."

"तू बघितलंस, मातेने बघितलं. बास."

जेवताना घास चघळतच राहिला. परीक्षेचं भय असणार.

रविवार, २२ मार्च

घर माणसांनी भरलंय, घाईत लिहिते.

परीक्षेला सोडलं सकाळी सहाला. फाटकाबाहेर हजारो आईबाप, उन्हात. मी जपमाळ चार वेळा केली. संध्याकाळी यादी लागायची होती. आमचे कंपाद्रे रुपेर्तो, एल्मेरचे धर्मपिता, आधीच केस कापायचं मशीन घेऊन येऊन बसले होते. त्यांची लेक फोनवर यादी बघत होती. अडोब्याच्या रश्श्याचं भांडं चुलीवर. आणि ती ओरडली, "लागलं नाव. आडनाव मामानी, नाव एल्मेर, लागलं." कुणी म्हणजे कुणी पुढची ओळ विचारली नाही. विचारायचं काय होतं त्यात?

एल्मेर उभा राहिला, "थांबा, आधी माझं ऐका," म्हणाला. त्याच्या बापाने, सातुर्निनोने, त्याला खांदे धरून खुर्चीत बसवलं. "भाषण नंतर, डॉक्टरसाहेब. आधी टक्कल." ज्याला प्रवेश मिळाला त्याचे केस त्याच दिवशी उतरवायचे, रीतच आहे. गल्लीतला प्रत्येक जण आत येऊन एकेक बट कापून गेला. पहिली कात्री कंपाद्रेंनी चालवली, त्याचं जावळ त्यांनीच काढलं होतं. म्हणाले, "तेव्हा रडला होतास, आज पण रडतोस?" खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई," म्हणाला मशीनच्या आवाजात, "आई, ऐक ना." मी म्हटलं, "मातेने ऐकलं, बाळा." एक बट मी वहीत ठेवली आहे. या पानात.

मंगळवार, २४ मार्च

सातुर्निनोने तो चालवतो त्या प्रवासी गाडीच्या, कोंबीच्या, मागच्या काचेवर रंगवून घेतलं : बापाचा डॉक्टर. लाल रंगात, पिवळी सावली देऊन. प्रवासी अभिनंदन करतात म्हणे. एल्मेरने ते बघितलं आणि टोपी घालून आत गेला. घरात टोपी कशाला.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार

मला ही गोष्ट क्रमाने लिहायची आहे, नाहीतर ती माझ्या डोक्यात क्रमाने राहणार नाही.

चर्च भरलेलं. सगळ्यांच्या हातात झावळ्या. मिस्सेच्या शेवटी पाद्री म्हणाले, आपल्या धर्मग्रामातल्या चार मुलांना विद्यापीठात प्रवेश मिळाला, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. आणि नावं वाचली. एक मुलगी कायद्याला. एक मुलगा खाणीच्या इंजिनिअरिंगला. एक मुलगी हिशेबशास्त्राला. मग, "एल्मेर मामानी, नर्सिंग. त्याच्या यादीत सर्वांत पहिला."

मला वाटलं पाद्रींच्या चष्म्याचा घोळ. मी उभी राहिले. पहिल्यांदाच आयुष्यात चर्चमध्ये मध्येच बोलले. "पाद्री, डॉक्टरकी. डॉक्टरकी लिहिलं असेल, नीट बघा."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. झावळ्यांची सळसळ थांबली. पाद्री कागदाकडे बघत राहिले. आणि चार बाकं पुढे, मुलांच्या रांगेत, ते टक्कल उभं राहिलं. कान लाल.

"नाही, आई. त्यांनी बरोबर वाचलं."

पुढचं मला आठवत नाही. म्हणजे आठवतं, की मी खाली बसले आणि माझी झावळी शेजारणीच्या मांडीवर पडली, आणि तिने ती परत दिली नाही, धरून ठेवली. घरी कशी आले ते आठवत नाही.

सोमवार, ३० मार्च

चूल पेटवली. भात लागला. मला करपलेलं कळलंसुद्धा नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल. पवित्र शुक्रवार

आज भांडू नये. भांडलो.

सातुर्निनोला कुणीतरी थांब्यावर सांगितलं की एल्मेरचे जे गुण आहेत त्यात डॉक्टरकीलाही जागा मिळाली असती. चोवीस गुण वर होते. म्हणजे नाईलाज नव्हता. त्याने मुद्दाम तिथेच भरलं. सातुर्निनो जेवणाच्या टेबलाशी उभाच राहिला. "चोवीस गुण. लोक पाचव्यांदा परीक्षेला बसतात एका गुणासाठी, आणि हा चोवीस गुण रस्त्यावर टाकून आला. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची घाणीची भांडी उपसायला. बायकांचं काम करायला."

"टाकले नाहीत," एल्मेर म्हणाला. "जिथे हवे होते तिथे वापरले."

"आईला फसवलंस."

"आईला मी कागद दाखवला होता."

सातुर्निनोने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, की मी डोळे मिटले होते?

आतल्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "सातुर्निनो, दोन वर्षं माझी पाठ कोण पुसतंय, तुझी कोंबी?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडणार आणखी, पडलेलीच आहे."

कुणी हसलं नाही. नावनोंदणी पुढच्या शुक्रवारी, दहा तारखेला दुपारी बारापर्यंत. सज्ञान नाही म्हणून पुन्हा पालकाची सही. सातुर्निनो म्हणाला, तो करणार नाही, आणि मी केली तर बघून घेईल. सही झाली नाही की जागा जाते, आणि पुढच्या परीक्षेला बसता येतं. डॉक्टरकीसाठी. म्हणजे सगळं माझ्या हातात आलं. मातेला विचारते आहे, तू कागद वाचला होतास ना? मग मला का नाही सांगितलंस?

मंगळवार, ७ एप्रिल

एल्मेर विचारत नाही. सासूबाईंना वळवतो, भिंतीवर खूण करतो, बाहेर जाऊन बसतो. कुणी "काय रे, डॉक्टर" म्हणालं की टक्कल खाली घालतो. केस यायला लागलेत, काळी वाळू भुरभुरल्यासारखे.

मला युक्ती सुचली आहे. एका माणसाचं तो नक्की ऐकेल. डॉक्टर आपासा. मी जाऊन पाय धरते. त्यांनी फक्त एवढंच सांगायचं : बाळा, माझ्यासारखा डॉक्टर हो.

गुरुवार, ९ एप्रिल

सकाळी तीन टोकांचे पाव घेतले, ताजे, बारा. फडक्यात बांधून दवाखान्यात गेले.

फाटकावरच्या माणसाला म्हटलं, डॉक्टर आपासा, बायकांचा शस्त्रक्रिया विभाग. त्याने यादी बघितली. "आपासा नावाचा डॉक्टर नाही."

"असं कसं. चार वर्षांपूर्वी होते. उंच, कपाळावर व्रण."

"दोन्या, मी इथे नऊ वर्षं आहे."

फरशी पुसणारी बाई थांबली. "व्रणवाले आपासा? ते वर आहेत की. नर्स."

मी म्हटलं, तो दुसरा कुणी असेल. जिना चढून गेले. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, एका म्हाताऱ्याच्या अंगाखालची चादर बदलत होते. त्याचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर. म्हातारा वळला. आवाज झाला नाही. पाठीला उशी लावली. मी दारातच उभी राहिले. ते हात मी रोज घरी बघते.

त्यांनी वर बघितलं. थोडा वेळ लागला. मग, "चौदा नंबर. फुटलेलं अपेंडिक्स. वेणी वाकडी घातली म्हणून रागावला होतात."

"रागावले नव्हते," मी म्हटलं. आणि मग, "तुम्ही डॉक्टर नाही?"

"नाही, दोन्या. कधीच नव्हतो."

"मग माझा डॉक्टर कोण होता?"

"सकाळी सातला यायचे ते. चष्मा. मागे विद्यार्थी. त्यांनी तुमचं पोट उघडलं, चार तास उभे होते. ते नसते तर तुम्ही आज नसता."

मी म्हटलं, "मला वाटलं, ते खाटा मोजायला येतात."

ते हसायला लागले, आणि इतकं हसले की म्हाताऱ्याच्या खाटेच्या कडेवर बसले. म्हाताराही हसला, त्याला काही कळलं नसताना. मला हसू आलं नाही. चार वर्षं दर रविवारी मी चुकीच्या नावाने प्रार्थना करत होते, आणि ज्याने वाचवलं त्याच्यासाठी एकदाही नाही.

"तुमचा मुलगा येतो," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक नव्हतं.

"गेल्या वर्षी तीनदा आला. आजीला कसं उचलायचं ते विचारायला. मी त्याला सांगितलं, तुझे गुण चांगले आहेत, डॉक्टरकीला जा, पगार बरा, मान बरा. माझी लेक असती तर मी तिलाही तेच सांगितलं असतं. तो म्हणाला, डॉक्टर आईपाशी दोन मिनिटं थांबायचे. त्यांचं काम तेवढंच होतं, त्यांचा दोष नाही. पण मला उरलेल्या वेळात तिथे असायचंय."

मी पावाचं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात," ते म्हणाले.

"पाव द्यायला आले होते."

परत येताना कोंबीत बसायला जागा होती तरी मी उभी राहिले. नवसाचे शब्द मी पुन्हापुन्हा आठवून बघितले. माझं पोर या आपासांसारखं होऊ दे. डॉक्टर हा शब्द मी बोललेच नव्हते. बोट त्या माणसाकडे होतं. मातेने बोटाकडे बघितलं.

शुक्रवार, १० एप्रिल

सकाळी सातुर्निनो बाहेर पडायच्या आत त्याला म्हटलं, "मी सही करणार आहे. काय बघायचं ते आत्ताच बघून घे."

तो बूट घालत होता. एक बूट घालून बसून राहिला. "लोकांना मी काय सांगू, बेनिता? काचेवर लिहिलंय."

मी त्याला आपासांचं सगळं सांगितलं. वेणीचं, चष्मेवाल्याचं. त्याने ऐकलं. दुसरा बूट घातला आणि गेला. त्याचं मन वळलंय असं मी लिहिणार नाही, कारण तसं दिसलं नाही.

विद्यापीठाच्या खिडकीशी रांग होती. अकरा वाजून गेले. एल्मेरने कागद पुढे केला, बोट ठेवलं. मी म्हटलं, "बोट काढ." उभ्या उभ्या सगळा वाचला. वरून खालपर्यंत, बारीक अक्षरातलंही. मागचे लोक कुरकुरले. खिडकीतली बाई म्हणाली, "दोन्या, छापील आहे, सगळ्यांचा सारखाच आहे." मी म्हटलं, "असू दे, मी आधीच्या वेळी वाचला नव्हता." नर्सिंग या शब्दापाशी थांबले. दोनदा वाचला. मग सही केली, डोळे उघडे ठेवून.

एल्मेर जवळ सरकला. कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं, आणि ते खरखरीत डोकं माझ्या गालाला लागलं.

रविवार, १२ एप्रिल

चष्मेवाल्या डॉक्टरांचं नाव विचारायचं राहिलं. नावाशिवायच प्रार्थना केली. मातेला माणूस ओळखता येतो, हे आता मला माहीत आहे.

कोंबीची काच सातुर्निनोने खरवडली आहे. "बापाचा" तेवढं ठेवलंय. पुढची जागा मोकळी.

शुक्रवार, १ मे

चापीहून आलो. पाय सुजलेत, थोडंच लिहिते.

या वर्षी एल्मेर बरोबर होता. पहाटे निघालो, वाळूचा तो सगळा रस्ता. तिसऱ्या चढावर एक म्हातारी बसलेली, टाचेला केवढा फोड. एल्मेर खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला. तिचं होईतो दुसरा येऊन बसला, मग तिसरी. मी बाटली धरून उभी. दोन तास. आमच्या मागून निघालेले सगळे पुढे गेले. मला राग यायला हवा होता, नवसाची मिस्सा चुकत होती. आला नाही.

पाय बांधून झाल्यावर म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस बोटभर वाढलेत. म्हणाली, "देव तुझं भलं करो, डॉक्टर."

एल्मेरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टर नव्हे, आजी. नर्स होणार आहे."

वाटेवरच्या दोघांनी वळून बघितलं, एवढा मोठा आवाज लागला माझा.